रोव्हरच्या कानात कोण बोलतं?

शेतमोजणीला आलेला भूकरमापक हल्ली साखळी ओढत नाही. काठीवर बसवलेला घुमट, म्हणजे रोव्हर, बांधाच्या कोपऱ्यावर धरतो, पडद्याकडे बघत थांबतो आणि ‘फिक्स’ उमटलं की पुढच्या खुणेकडे निघतो. जमलेल्या भाऊबंदांना वाटतं, रोव्हर उपग्रहाशी बोलला. ते अर्धंच खरं. नुसत्या उपग्रहांवर विसंबलं तर जागा काही मीटरने चुकते, आणि काही मीटर म्हणजे कोर्टात जायला पुरेसं अंतर. सेंटिमीटरपर्यंत नेणारी दुरुस्ती जमिनीवरून येते.

ती पाठवतं एक कायमचं स्थानक. गच्चीवर पक्का रोवलेला अँटेना, स्वतःची जागा अचूक ठाऊक असलेला. त्याला आणि काही किलोमीटरवरच्या रोव्हरला उपग्रहाचा सिग्नल जवळजवळ सारख्याच वातावरणातून येतो, म्हणून दोघांची चूकही बरीचशी सारखी. स्थानक आपली मोजमापं बहुधा दर सेकंदाला पाठवतं, रोव्हर ती स्वतःच्या मोजमापांशी ताडून चूक वजा करतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशा स्थानकांचं जाळं उभारलं आहे आणि महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग मोजणीसाठी ते वापरतो.

ही मोजमापं मूळची सिरियल डेटा, म्हणजे एकाच तारेवरून एकामागोमाग एक येणारे बिट. ८ बिटांच्या अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जोडले जातात, म्हणून सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगात ९६० अक्षरं जातात. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. या तारेवर पत्ता नसतो, पोच नसते. बोलणारा बोलत राहतो, ऐकणारा आहे की नाही याची त्याला पर्वा नसते. तिचा सगळा साधेपणा यातच आहे.

म्हणूनच पूर्वी तारेचं टोक सरळ रेडिओला जोडत. टप्प्यातला कोणीही ऐकू शके, दहा जण असोत की शंभर. मध्ये डोंगर आला की मात्र संपलं.

इंटरनेटवर असं हवेत सोडून देता येत नाही. एकाच वेळी अनेकांना पाठवायची मल्टिकास्ट नावाची सोय आहे, पण ती संस्थेच्या आपल्या जाळ्यात चालते. खुल्या इंटरनेटवरचे राउटर असे निरोप पुढे नेत नाहीत. शिवाय रोव्हरमधल्या सिमला बहुधा बाहेरून गाठता येईल असा पत्ताच नसतो. तेव्हा रोव्हरनेच फोन लावायचा. कोणाला? मधल्या एका सर्व्हरला. जर्मनीच्या संघीय नकाशा व भूगणित संस्थेत ही पद्धत आकाराला आली आणि २००४ मध्ये ‘एनट्रिप’ नावाने तिला आरटीसीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाचं रूप मिळालं. मधल्या सर्व्हरला ‘कास्टर’ म्हणतात. स्थानक त्याच्याकडे एकच धार पाठवतं. रोव्हर बहुधा २१०१ क्रमांकाच्या पोर्टवर जातो, स्थानकांची यादी मागतो, त्यातलं एक नाव आणि पासवर्ड सांगतो. एवढं झालं की पुढे तीच कच्ची सिरियल अक्षरं. कास्टर प्रत्येकासाठी एकेक प्रत काढत राहतो.

प्रती काढणं सोपं, त्या ताज्या ठेवणं कठीण. इंटरनेटवर ही अक्षरं वाहून नेणारा टीसीपी हा नियमसंच अक्षरांचा क्रम सांभाळतो, त्यांच्यामधली अंतरं नाही. कारखान्यातली यंत्रं वापरतात त्या मॉडबस आरटीयू या सिरियल पद्धतीत साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे निरोपाचा शेवट. ती धार अशी कच्चीच इंटरनेटवर सोडली तर निरोप कुठेही तुटतो. दुरुस्तीच्या निरोपांसाठीच्या आरटीसीएम मानकाच्या तिसऱ्या आवृत्तीत मात्र निरोपाची हद्द निरोपातच कोरलेली असते: सुरुवातीला ११०१००११ ही खूण, मग दहा बिटांत लांबी, म्हणून मजकूर जास्तीत जास्त १०२३ बाइटांचा, आणि शेवटी तपासणीचे २४ बिट. अधेमधे येऊन ऐकू लागलेल्या रोव्हरलाही पुढचा निरोप सापडतो.

खरी पंचाईत करतो तो मागे पडलेला श्रोता. रोव्हर खोल ओढ्यात उतरला, रेंज गेली. टीसीपी इमानदार, न पोचलेलं पुन्हा पुन्हा पाठवत बसतो, आणि मागे रांग वाढत जाते. रेंज आली की आधी अर्ध्या मिनिटापूर्वीची मोजमापं हाती पडतात. उशिरा आलेली दुरुस्ती हरवलेल्या दुरुस्तीपेक्षा वाईट, कारण तिच्यामागे ताजी अडकून पडते. म्हणून नीट बांधलेला कास्टर प्रत्येक रोव्हरसाठी छोटीच रांग ठेवतो, ती भरली की सरळ जोडणी तोडतो. उद्धट वाटेल, पण योग्य तेच. रोव्हर पुन्हा फोन लावतो आणि ताज्या निरोपापासून सुरू करतो. बाकीच्यांना यातलं काही कळतही नाही.

छोटे तुकडे साठवून एकत्र पाठवायची एक युक्तीही टीसीपीत आहे, जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवलेली. गर्दीच्या जाळ्यावर ती गुणाची, इथे ती बंद करायची.

काही सेवांमध्ये रोव्हर उलट दिशेनेही एक ओळ पाठवतो: मी साधारण इथे आहे. मग सर्व्हर आजूबाजूच्या स्थानकांवरून त्याच्या शेजारीच एक काल्पनिक स्थानक हिशेबाने उभं करतो आणि त्याची मोजमापं धाडतो. तिथे प्रती काढणं संपतं. प्रत्येक रोव्हरची धार वेगळी होते.

बांधावर यातलं एवढंच दिसतं: पडद्याच्या कोपऱ्यात दुरुस्तीचं वय, सेकंदांत. एक, दोन असेल तर ठीक. तो आकडा चढू लागला आणि ‘फिक्स’च्या जागी ‘फ्लोट’ आलं, म्हणजे जागा अजून पक्की नाही, की जाणता मोजणीदार खूण रोवत नाही, कोणी कितीही घाई करो.