मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं इतकी स्वस्त कशी मिळायची?

जुन्या कपाटात कधीतरी एखादं मराठी बालपुस्तक सापडतं. जाड पुठ्ठा, रंगीत चित्रं आणि आतल्या पानावर 'रादुगा प्रकाशन, मॉस्को'. घरातल्या मोठ्यांना विचारलं की उत्तर येतं, "अरे, अगदी थोड्या पैशांत मिळायचं हे!"

आता प्रश्न असा, की मराठी पुस्तक मॉस्कोत छापायचं, जहाजाने इथं आणायचं आणि तोट्यात विकायचं, हा उद्योग कोण करेल? उत्तर सोपं आहे. सोव्हिएत सरकार. पण ते सरकार लोकांच्या घरापर्यंत पोचलं, त्यात 'मैत्री संस्थां'चा मोठा वाटा होता.

जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत युनियनवर हल्ला केला आणि त्याच वर्षी भारतात 'सोव्हिएत मित्र संघ' उभा राहिला. पुढे १९५२ मध्ये इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटी, म्हणजेच 'इस्कस' स्थापन झाली. मुंबईचे नामवंत सर्जन डॉ. ए. व्ही. बाळिगा तिचे अध्यक्ष होते. नंतर मॉस्कोत राजदूत राहिलेले के. पी. एस. मेनन यांनीही हे पद सांभाळलं. संस्थेचं काम म्हणजे रशियन भाषेचे वर्ग, सिनेमाचे खेळ, प्रदर्शनं, व्याख्यानं आणि शिष्टमंडळांची ये-जा.

गंमत तिकडच्या बाजूला आहे. इथले सभासद डॉक्टर, वकील, कवी, कामगार पुढारी. स्वतःच्या आवडीने आलेले. तिकडे मात्र परदेशांशी मैत्रीचं काम १९२५ पासून 'वोक्स' ही संस्था बघायची. १९५८ मध्ये तिची जागा मैत्री संस्थांच्या महासंघाने घेतली. नावाला बिनसरकारी, पण सूत्रं सरकार आणि पक्षाच्या हातात. म्हणजे एका बाजूला हौस, दुसऱ्या बाजूला सरकारी खातं. ही मैत्री बरोबरीची नव्हती, हे सरळ म्हणायला हवं.

त्याचा परिणामही दिसतो. गॉर्की, टॉलस्टॉय, चेखव भरभरून मिळाले. सोल्झेनित्सिनचं 'गुलाग आर्किपेलॅगो' मात्र त्या पुस्तकांत नव्हतं. खुद्द सोव्हिएत युनियनमध्येच ते १९८९ मध्ये छापलं गेलं!

मग सगळा प्रचारच होता का? तसंही नाही. १९५४ मध्ये राज कपूरचा 'आवारा' तिकडे लागला आणि सहा कोटींहून जास्त प्रेक्षकांनी पाहिला. सरकार सिनेमा लावू शकतं, लोकांना तो आवडून घ्यायला लावू शकत नाही. १९५७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून 'परदेसी' काढला. विषय होता पंधराव्या शतकातला रशियन व्यापारी अफनासी निकितिन. हा गडी भारतात उतरला तो आपल्या चौलला. शेजारच्या रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे, अलिबागला गेलात तर वाट वाकडी करून बघाच.

१९७१ चा मैत्री करार, १९८७ चे एकमेकांच्या देशातले महोत्सव, हा या नात्याचा बहराचा काळ. आणि डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच संपलं. ज्याच्याशी मैत्री, तो देशच नकाशावर नाही! पुस्तकांचा पुरवठा आटला, पैसा थांबला. मॉस्कोच्या आधारावर चालणारं बरंचसं काम तिथंच बसलं. मुंबईत पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र आजही आहे, पण पूर्वीचं वारं नाही.

टिकलं ते माणसांनी मनापासून केलेलं. अण्णाभाऊ साठेंनी महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला, तेव्हा त्यांनी रशिया पाहिलेला नव्हता. १९६१ मध्ये ते तिकडे गेले आणि 'माझा रशियाचा प्रवास' लिहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं.