भिंतीला तडे गेलेत? रंगाऱ्याला बोलावण्याआधी हे तपासा

गणपती होतात, पाऊस ओसरतो आणि रंगाऱ्याला फोन जातो. तो येतो, भिंतीकडे मान वर करून बघतो, "फटी भरून दोन हात मारू" म्हणतो आणि स्क्वेअर फुटाचा रेट सांगतो. दिवाळीत घर नवंकोरं दिसतं. पुढचा पावसाळा संपेपर्यंत त्याच जागी तीच रेघ पुन्हा उमटते.

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. तडा कशामुळे गेला हे न बघताच तो बुजवलेला असतो.

कुठला तडा काय सांगतो?

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर फार घाबरायचं कारण नाही. गिलाव्यात सिमेंट जास्त पडलं किंवा त्यावर पुरेसं पाणी मारलं गेलं नाही, की तो आकसतो आणि अशा रेषा येतात. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथली आडवी सरळ भेगही जुन्या घरांमध्ये नेहमीची. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे सांधा उघडतो. तिथे नुसतं सिमेंट भरून उपयोग नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूंचा गिलावा काढून, जाळी ठोकून नवा करावा लागतो.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा उतरणारा तडा मात्र पाया खचल्याचा असू शकतो. तो वाढतोय का हे बघायची सोपी युक्ती आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची आणि काही महिने लक्ष ठेवायचं. खुणेच्या पुढे सरकला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअर, मग रंगारी.

सगळ्यात धोकादायक म्हणजे कॉलम, बीम किंवा छज्ज्यावरचा, तांबूस डाग असलेला तडा. आतली सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते आणि तो काँक्रीट बाहेर ढकलतो. यावर वरून रंग मारणं म्हणजे आजार झाकणं. तुकडा खाली कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. मुंबईत 30 वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे, ती उगाच नाही.

दुरुस्ती कशी होते?

आधी भिंत ठोकून बघतात. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर गिलावा विटेपासून सुटलाय. तेवढा भाग काढायचाच, वरून भरायचा नाही. बारीक भेग पत्र्याने किंवा कटरने इंग्रजी व्हीच्या आकारात रुंद करतात, धूळ झाडतात आणि त्यात पॉलिमर असलेला, थोडा लवचिक फिलर भरतात. भेग न उघडता वरवर पुट्टी ओढणं हे सर्रास चालतं, आणि तीच पुढे पोपडे होऊन पडते.

नव्या गिलाव्यावर किमान 7 दिवस पाणी मारायचं असतं. म्हणूनच एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात, "पावसाआधी उरकून टाकू" म्हणत केलेला गिलावा नवा असतानाच तडकतो. पाऊस संपल्यावर भिंती सुकू द्याव्यात आणि थंडीत काम काढावं, हे जास्त शहाणपणाचं. दिवाळीचा मुहूर्त हुकला तरी चालेल.

वाड्यांची आणि कोकणातल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे दगड किंवा विटा, आणि सांध्यांत चुना किंवा माती. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्यातून ती बाहेर सोडते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिकसारखा रंग चढवला की ओल आतच अडकते, क्षार वर येतात आणि थर पापुद्र्यासारखा सुटतो. मजबुतीसाठी केलेलं काम भिंतीच्याच मुळावर येतं. तिथे चुन्याचाच गिलावा आणि वर चुन्याची सफेदी योग्य. फक्त हे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो.

मग रंग कधी?

सिमेंटचा ताजा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. घाईने रंग दिला तर तो फिकट पडतो, चट्टे येतात. म्हणून साधारण 28 दिवस थांबतात. नंतर बाहेरच्या भिंतींसाठीचा प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात. केसासारख्या भेगा पुन्हा दिसू नयेत म्हणून ताणला जाणारा, जाडसर रंगही मिळतो. पण तो हलत्या तड्यावर टिकत नाही.

कोटेशन घेताना पोकळ गिलावा किती निघेल, पाणी किती दिवस मारणार आणि परांचीचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्यावं. स्वस्त रेटमधून पहिल्यांदा गळतात त्या याच गोष्टी.