देवासचे 267

267 नाबाद. मध्य प्रदेशच्या अजय रोहेरानं डिसेंबर 2018 मध्ये इंदूरच्या होळकर स्टेडियमवर हैदराबादविरुद्ध केलेल्या या धावा. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला त्याचा हा पहिलाच सामना होता आणि पदार्पणातली ही तेव्हाची जगातली सर्वोच्च धावसंख्या. वय 21, गाव इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरचं देवास. मराठी घरांत देवास म्हटलं की पवारांच्या थोरल्या-धाकट्या पात्या आठवतात, नाहीतर 1948 पासून तिथं राहिलेले कुमार गंधर्व. हा आकडा सहसा कुणाला आठवत नाही.

मध्य प्रदेशनं 4 बाद 562 वर डाव घोषित केला. त्यातल्या 47.5 टक्के धावा एकट्या रोहेराच्या. हैदराबादचे दोन डाव 124 आणि 185 वर संपले, म्हणजे 20 गडी मिळून 309. रोहेरा या बेरजेच्या 42 धावा मागं राहिला. डाव आणि 253 धावांनी विजय.

345 चेंडूंत 21 चौकार, 5 षटकार. सीमापार गेलेल्या धावा 114, म्हणजे 42.7 टक्के. उरलेल्या 153 पळून काढलेल्या. दोन टोकांच्या क्रीजमधलं अंतर 17.68 मीटर धरलं तर फक्त स्वतःच्या धावांसाठी तो पॅड बांधून साधारण 2.7 किलोमीटर धावला. जोडीदाराच्या धावांसाठीची धावपळ वेगळी.

हा विक्रम आधी अमोल मुझुमदारच्या नावावर होता: 260, फेब्रुवारी 1994, मुंबईकडून हरियाणाविरुद्ध फरिदाबादला. रोहेराच्या आदल्याच वर्षी अफगाणिस्तानच्या बहीर शाहनं नाबाद 256 पर्यंत मजल मारली होती. ती चार धावांनी कमी पडली. मुझुमदारच्या आधीचा आकडा 240, दक्षिण आफ्रिकेच्या एरिक मार्क्सचा, 1920-21 च्या हंगामातला. म्हणजे 240 टिकले 73 वर्षं, 260 जवळपास 25 वर्षं आणि 267 तीन वर्षं दोन महिने.

फेब्रुवारी 2022 मध्ये बिहारच्या साकिबुल गनीनं कोलकात्यात मिझोरामविरुद्ध पदार्पणात 341 केल्या. पदार्पणातलं हे जगातलं पहिलं त्रिशतक. 405 चेंडू, 56 चौकार, 2 षटकार. सीमापार धावा 236, म्हणजे 69.2 टक्के. गनीच्या पळून काढलेल्या धावा 105, रोहेराच्या 153. एकूण धावा 74 नं कमी असूनही रोहेरा जास्त पळाला. प्रतिस्पर्धीही सारखे नव्हते. मिझोराम 2018-19 मध्ये नव्यानं आलेल्या नऊ संघांपैकी एक. हैदराबादच्या नावावर दोन रणजी विजेतेपदं. माझ्या लेखी 267 चं वजन 341 पेक्षा फार कमी भरत नाही.

एक गंमत सरासरीची. नाबाद राहिल्यामुळं त्या सामन्यानंतर रोहेराची सरासरी काढताच येत नव्हती. भागायला बाद झाल्याचा आकडाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन कॅलवेची सरासरी मात्र कायमची 207. न्यू साउथ वेल्सकडून 1915 मध्ये एकच सामना, एकच डाव. 1917 मध्ये तो महायुद्धात मारला गेला.

पहिल्या आकड्याचा पुढच्या कारकिर्दीशी संबंध शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. गुंडाप्पा विश्वनाथच्या पदार्पणात 230; पुढं 91 कसोटी, 6,080 धावा. मुझुमदारच्या 260; पूर्ण कारकिर्दीत 171 प्रथम श्रेणी सामने, 11,167 धावा, 30 शतकं, सरासरी 48.13, कसोटी 0. पहिल्या डावाचा वाटा एकूण धावांच्या 2.3 टक्के. पदार्पण सोडून सगळ्यांत मोठ्या खेळ्या पाहिल्या तरी तेच. भाऊसाहेब निंबाळकरांनी 1948 मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या, नंतर ते इंदूरच्याच होळकर संघाकडूनही खेळले. कसोटी 0.

गनीच्या 341 नंतर चारच महिन्यांनी, जून 2022 मध्ये, बंगळुरूत रणजीची अंतिम लढत झाली. मध्य प्रदेशनं मुंबईला सहा गडी राखून हरवलं आणि पहिल्यांदा करंडक जिंकला. पहिल्या डावात यश दुबे 133, शुभम शर्मा 116, रजत पाटीदार 122. प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित. अकरा जणांत रोहेरा नव्हता. हरलेल्या मुंबईचा प्रशिक्षक होता अमोल मुझुमदार.