पार्क : तयारी सुरू आहे

२०२३ च्या डिसेंबरात जपानच्या फुकुशिमा प्रांतात शेजारशेजारची दोन स्की केंद्रं एका नव्या लिफ्टने जोडली गेली. दोन्ही मिळून नाव झालं ‘नेकोमा माउंटन’ आणि ‘आल्ट्स बान्दाई’ हे नाव पाटीवरून उतरलं. व्यवहार म्हणून यात वावगं काही नाही. एका तिकिटात डोंगराच्या दोन्ही अंगांना उतरता येतं, गिऱ्हाइकाचा फायदाच आहे. तरीही हे नाव गेल्याची चुटपुट लागते. ज्या पिढीने २००० च्या आगेमागे पायाला स्नोबोर्ड बांधला, तिच्या तोंडी ‘आल्ट्स’ म्हणजे डोंगर नव्हे, पार्क होता. पार्क म्हणजे टेरेन पार्क : उतारावर बर्फ रचून केलेले किकर, ज्यांवरून हवेत झेप घ्यायची, लोखंडी रेल आणि रुंद बॉक्स, ज्यांवरून फळी घासत न्यायची, आणि या सगळ्यांत मानाचा हाफपाइप, दोन्ही काठ उंच असलेली बर्फाची लांबलचक पन्हळ. आज जपानमध्ये बर्फ आहे, लिफ्ट आहेत, परदेशी पाहुण्यांची रीघ आहे. शोधावा लागतो तो उघडा पार्क. नकाशावर तो असतो, डोंगरावर असेलच असं नाही. माझं म्हणणं असं, की हा पार्क निसर्गाने हिरावला नाही आणि खेळणाऱ्यांनीही नाकारला नाही. चालवणाऱ्यांनी तो हळूहळू सोडून दिला. हे कुणाला फारसं जाणवलं नाही, कारण याच काळात जपानच्या गळ्यात पदकं पडत होती.

आधीची वर्षं भराभर ओलांडता येतील. १९११ साली थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रो-हंगेरियन मेजरने निगाताच्या ताकादा गावी जपानी सैनिकांना स्की शिकवली. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ७० मीटर स्की जंपची तिन्ही पदकं जपानने घेतली. १९८७ मध्ये ‘मला स्कीला घेऊन चल’ अशा अर्थाच्या नावाचा एक चित्रपट आला आणि शहरातले तरुण नोकरदार डोंगराकडे धावले. १९९० मध्ये गाला युझावा हे केंद्र थेट शिनकानसेनच्या स्थानकालाच जोडून उघडलं. या काळाबद्दल जपानमध्ये हळवेपणाने पुष्कळ लिहिलं जातं. मला त्यात फारसं काही सापडत नाही. पैसा मुबलक होता, रांगा लांब होत्या, आणि सगळ्यांना एकच वळण एकाच पद्धतीने घ्यायचं होतं. त्या वळणाच्या परीक्षा होत्या, परीक्षांचे बिल्ले होते. उतार ही दुसऱ्याने आखून दिलेली वाट होती आणि ती नीट गिरवणं म्हणजे स्की येणं.

खरी गोष्ट सुरू होते ती पैसा आटल्यावर. नव्वदीच्या सुरुवातीला जमिनी आणि शेअर यांचा फुगा फुटला आणि थोड्याच काळात स्कीवाल्यांची संख्या उतरू लागली. स्की आणि स्नोबोर्ड मिळून १९९८ च्या सुमारास जे सुमारे १ कोटी ८० लाख लोक बर्फावर येत होते, त्यांतली वाढ स्नोबोर्डची होती. ज्या केंद्रांनी काल-परवापर्यंत ‘स्नोबोर्डला मनाई’ अशा पाट्या लावल्या होत्या, त्यांनी त्या एकेक करून काढल्या. हे मनपरिवर्तन गल्ल्याकडे पाहून झालेलं होतं, हे मान्य करूनही म्हणावं लागेल, की त्यातून जे उभं राहिलं ते अस्सल होतं. नवे आलेले लोक बिल्ल्यांसाठी येत नव्हते. त्यांना उतारावर स्वतःचं काही करून पाहायचं होतं. त्यांच्यासाठी निगाताच्या इशिउची मारुयामात, नागानोच्या हाकुबा ४७ मध्ये, गिफूच्या ताकासूमध्ये, फुकुशिमाच्या आल्ट्समध्ये पार्क आणि हाफपाइप तयार झाले. शहरंही मागे नव्हती. टोकियोजवळच्या फुनाबाशीत १९९३ पासून ‘झाउस’ नावाचा प्रचंड बंदिस्त स्की उतार होता. तो २००२ मध्ये बंद पडला आणि त्या जागी पुढे फर्निचरचं दुकान आलं. बेसबॉलसाठी बांधलेल्या टोकियो डोममध्ये बर्फाचा उतार रचून उड्यांच्या स्पर्धा होत आणि हजारो लोक त्या पाहायला बसत. साप्पोरोलाही अशीच मोठी स्पर्धा भरे. दोन्ही कधीच्या थांबल्या.

या काळाच्या मध्यावर नागानो ऑलिंपिक आहे. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्नोबोर्ड पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, आणि यामानोउची गावातल्या कानबायाशीच्या हाफपाइपमध्ये स्पर्धा झाली ती भर पावसात. पुरुषांत स्वित्झर्लंडचा गिआन झिमेन आणि स्त्रियांत जर्मनीची निकोला थोस्ट यांनी सुवर्ण घेतलं. त्या काळातला सर्वांत मोठा खेळाडू, नॉर्वेचा टेरिए हाकोनसेन, मात्र आलाच नाही. स्नोबोर्डची सूत्रं स्की महासंघाच्या हाती दिल्याचा त्याचा निषेध होता. आज त्या पन्हळीकडे पाहिलं तर ती बुटकी दिसते. हल्लीच्या ऑलिंपिक पाइपच्या भिंती २२ फूट उंच असतात. पण तिचा बुटकेपणा हेच तिचं मोल होतं. तशी पन्हळ एखादं लहान केंद्रही खणू शकत होतं, आणि आठवड्यातून एकदा येणारा कारकून किंवा कॉलेजातली मुलगी तिच्यात उतरू शकत होती. पुढे भिंती वाढत गेल्या तसा खर्च वाढला, यंत्रं महागडी झाली, आणि सामान्य माणूस काठावर उभा राहून पाहणारा झाला. पाइप उंच होणं ही खेळाची प्रगती म्हणून नोंदली गेली. ती किती लोकांना खेळाबाहेर ठेवून गेली, याची नोंद कुणी ठेवली नाही.

इथे एक जुना हिशेब मांडला पाहिजे. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला निघताना काझुहिरो कोकुबो या हाफपाइप खेळाडूचा टाय सैल होता, शर्ट बाहेर आला होता आणि विजार कमरेखाली होती. एवढ्यावरून देशभर गदारोळ झाला. त्याला उद्घाटन सोहळ्यापासून दूर ठेवलं गेलं, संसदेच्या समितीतही विषय निघाला. तो स्पर्धेत आठवा आला. ज्या समाजाने एका मुलाच्या शर्टाच्या टोकावर इतके दिवस चर्चा केली, त्याने त्याच वर्षांत सराव करायच्या पन्हळी कमी होत चालल्या आहेत, यावर काही मिनिटंही खर्च केली नाहीत. पार्क म्हणजे उनाड पोरांचा अड्डा, हा ग्रह त्या प्रकरणाने पक्का केला. पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा कात्री कुठे लावायची, हे ठरवणं त्यामुळे सोपं गेलं.

कात्री लागली ती पावडरच्या नावाने. २००० नंतर ऑस्ट्रेलियातून येणाऱ्यांनी होक्काइदोच्या निसेकोतला बर्फ जगाला माहीत करून दिला. सायबेरियाकडून येणारा गार वारा जपानच्या समुद्रावरून ओल घेतो आणि पहिल्याच डोंगरांवर रिती करतो. एका हंगामात दहा मीटरांहून जास्त बर्फ पडतो. असा भुसभुशीत, खोल बर्फ दुसरीकडे क्वचितच मिळतो, आणि त्यासाठी लोकांनी समुद्र ओलांडून यावं यात नवल नाही. पाठोपाठ हाकुबा आलं, मग इतर केंद्रं. झाडांमधले उतार खुले झाले, हद्दीबाहेर जाण्याची फाटकं आली, हॉटेलं चढली. केंद्र चालवणाऱ्याला यात एक सोय दिसली : पावडर आभाळातून फुकट पडते. पार्क फुकट पडत नाही. कुस्तीच्या हौद्यातली माती जशी रोज उकरावी लागते, ताक-तेल-हळद घालून मळावी लागते, तसा पार्क रोज घडवावा लागतो. रात्री यंत्राने बर्फ ढकलायचा, पहाटे फावड्याने किकरचा ओठ आणि उतरायची जागा कापून काढायची, दुपारच्या उन्हाने सुटलेला आकार पुन्हा बांधायचा. जपानीत या माणसांना ‘डिगर’ म्हणतात, खणणारे. हंगामी नोकरी, थंडीतलं काम, तुटपुंजा मोबदला. स्की-स्नोबोर्डवाल्यांची संख्या ५० लाखांच्याही आत आल्यावर ज्या खर्चावर पहिल्यांदा रेघ ओढली गेली, त्यात हे खणणारे होते.

मग आज उरतं ते असं. हंगामाआधी नकाशा येतो, त्यात पार्कची खूण असते, शेजारी बारीक अक्षरात ‘नियोजित’. डिसेंबरात बर्फ पुरेसा नसतो. जानेवारीत इतका पडतो की रचलेलं रोज बुजतं. रोजच्या स्थितीच्या पानावर लिफ्टपुढे ‘चालू’ आणि पार्कपुढे ‘तयारी सुरू आहे’ असं आठवडेच्या आठवडे दिसतं. फेब्रुवारीच्या मध्यावर तो उघडतो, कधी फक्त दोन बॉक्स आणि एक रेल एवढाच. मार्चमध्ये, ऊन बर्फाला मऊ करतं आणि पडलं तरी लागत नाही अशा सर्वांत चांगल्या दिवसांत, लोकांचं मन साकुराकडे वळतं आणि पुष्कळ केंद्रं डोंगरावर माणूसभर बर्फ असताना लिफ्ट थांबवतात. शुक्रवारी रात्री टोकियोतल्या शिंजुकूहून बसमध्ये बसणाऱ्याला पहाटे डोंगराखाली उतरेपर्यंत कळत नाही, की जे खेळायला आलो ते आहे की नाही.

याला पहिलं उत्तर दिलं जातं ते निसर्गाचं. एवढा बर्फ पडतो, तिथे पार्क टिकणार कसा? प्रश्न खोटा नाही. यामागाताच्या गासान इथे हिवाळ्यात बर्फ इतका साचतो की तिथला स्कीचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. पण हाच बर्फ १९९८ मध्येही पडत होता, आणि २००५ मध्येही. तेव्हा जे शक्य होतं ते आता अशक्य झालं असेल, तर बदल आभाळात नाही, पहाटे कोण उठतं यात आहे. शिवाय सगळा जपान निसेको नाही. डोंगररांगेच्या अलीकडे, गुन्माच्या कावाबासारख्या भागात बर्फ कमी आणि ऊन जास्त, आणि तिथे पार्क अजूनही आस्थेने सांभाळले जातात. उबदार हिवाळे वाढले आहेत, हेही खरं. २०१९-२० च्या हंगामात कित्येक केंद्रांवर बर्फच कमी पडला. हाफपाइपला लागणारा प्रचंड बर्फ अशा वर्षी जमवता येत नाही. पण तो युक्तिवाद २२ फुटी पाइपविरुद्ध आहे. गुडघाभर उंचीचा किकर आणि चार बॉक्स यांना किती बर्फ लागतो?

दुसरं उत्तर जोखमीचं. लोक पडतात, हाडं मोडतात, केंद्रावर जबाबदारी येते. ही चिंता मी हलकी मानत नाही. पण धोक्याला उत्तर आहे ते आकारांच्या पायऱ्या, हेल्मेटची सक्ती, उतरण्याच्या जागेची रोजची निगा. पार्क बंद केला म्हणून उडी मारायची इच्छा बंद होत नाही. ती वाटेच्या कडेला, झाडांच्या तोंडाशी, कुणी न तपासलेल्या ढिगाऱ्यावर जाते. आणि ज्या केंद्रांना हिमस्खलनाची शक्यता असलेल्या हद्दीबाहेरच्या उतारांची फाटकं नियम घालून उघडी ठेवता येतात, त्यांना पार्कची जोखीम सांभाळता येत नाही, हे पटत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत वजनदार आहे, ते पदकांचं. ऑलिंपिकच्या हाफपाइपमध्ये आयुमू हिरानो २०१४ आणि २०१८ साली रौप्य घेतो, २०२२ मध्ये बेजिंगला ट्रिपल कॉर्क, म्हणजे हवेत तीन तिरप्या कोलांट्या, मारून सुवर्ण घेतो. त्याच बेजिंगमध्ये १७ वर्षांची कोकोमो मुरासे बिग एअरचं कांस्य घेते. जानेवारी २०२५ मध्ये हिरोतो ओगिवारा अस्पेनला हवेत साडेसहा फेऱ्या घेऊन उतरतो. मग बिघडलं काय? प्लास्टिकच्या ब्रशचे उतार आणि पुढे हवेची गादी असलेली सरावकेंद्रं जपानभर आहेत, उन्हाळ्यातही चालतात, आणि त्यांनी या खेळाचा पाया नव्याने घातला. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल त्या केंद्रांना मान दिला पाहिजे. पण हिरानो आला कुठून? निगाताच्या मुराकामीत वडिलांच्या स्केटपार्कमधून, आणि शेजारच्या यामागाता प्रांतात, ओगुनी गावच्या योकोने या लहानशा उतारावरच्या हाफपाइपमधून. जगातली सर्वांत अवघड झेप घेणारा मुलगा एका गावाने जपलेल्या पन्हळीत वाढला. गादीवर उडी शिकता येते. पण तिथे जाणारा आधीच ठरवून आलेला असतो, त्याचे आईबाप गाडी चालवून पैसे भरतात. ज्याने अजून काही ठरवलेलं नाही, जो बर्फावर सहज फिरताना एका बॉक्सवर फळी टाकून पाहतो, त्याची जागा गादी घेत नाही. साप्पोरोच्या बानकेईमध्ये २०१७ च्या आशियाई हिवाळी खेळांची हाफपाइप झाली. अशी ठिकाणं आज हाताच्या बोटांवर मोजता येतात, आणि त्यांच्याकडे पोचायला मुलाला आधीच खेळाडू असावं लागतं.

राहता राहिलं गिऱ्हाईक. मागणीच नाही, असं सांगितलं जातं, आणि आकडे त्याला पुष्टी देतात असं वाटतं. पण बंद दुकानासमोर रांग लागत नाही, म्हणून मालाला उठाव नाही असं म्हणता येत नाही. निगाताचं कागुरा उंचावर आहे. इतर बहुतेक केंद्रं बंद झाल्यावरही ते मे महिन्यात चालू असतं. खालच्या दरीत भातखाचरांत पाणी सोडलेलं असतं आणि वर लोक ओलसर, दाणेदार बर्फावर पार्कच्या तोंडाशी आपली पाळी येण्याची वाट पाहत उभे असतात. त्यांत विशीतली मुलं असतात, तशी पन्नाशीकडे झुकलेली, नागानोच्या वर्षी शिकलेली माणसंही असतात. जानेवारी ते मार्च ‘तयारी सुरू आहे’ वाचत बसलेले लोक ते हेच.