अन्ननलिकेचा कर्करोग आणि गाठींचा हिशेब

लावणीच्या दिवसांत पायात काटा रुतून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. जखम पायाला, गाठ जांघेत. पेशींभोवतीचा द्रव, त्यातले जंतू आणि नको असलेला ऐवज लसीकावाहिन्या गोळा करतात, पुढच्या गाठीपर्यंत नेतात आणि तिथे त्याची झडती होते. अन्ननलिकेचा कर्करोगही बहुतेक वेळा याच वाटेने पुढे सरकतो. अवधाण ठणकतं, बोटांना लागतं. छातीच्या पिंजऱ्यात, श्वासनलिकेशेजारी वाढलेली गाठ मात्र दुखतही नाही आणि हातालाही लागत नाही.

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटर लांबीची. पण तिच्या अस्तराखाली लसीकावाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि ते वरखाली धावतं. म्हणून छातीच्या मध्यावर ट्यूमर असला तरी त्याच्या पेशी शेजारची गाठ ओलांडून थेट मानेत किंवा खाली जठराजवळ सापडू शकतात. आतड्याला असतं तसं बाहेरचं आवरणही अन्ननलिकेला नाही. रोग सगळ्यात आतल्या अस्तरापुरता असेल, तर गाठींपर्यंत तो क्वचितच पोचलेला असतो. तोच खालच्या थरात उतरला, की चार-पाच रुग्णांमागे निदान एकाच्या गाठी बाधित निघतात. या दोन अवस्थांमध्ये अंतर असतं ते मिलिमीटरचं.

यापुढचं आयुष्य बरंचसं ठरतं ते बाधित गाठींच्या संख्येवर. एकही नसेल तर एन-शून्य, एक-दोन असतील तर एन-एक, तीन ते सहा म्हणजे एन-दोन, सात किंवा जास्त म्हणजे एन-तीन, अशी जगभर मोजणी होते. गाठी स्वच्छ असतील तर शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षं पार करणारे रुग्ण पुष्कळ असतात. सात-आठ गाठी बाधित निघाल्या तर तसे थोडेच उरतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजी अहवालात ‘३/२४’ असं काही लिहिलेलं दिसेल. २४ गाठी तपासल्या, त्यांतल्या तीन गाठींत कर्करोग सापडला, असा त्याचा अर्थ. यातला दुसरा आकडाही नातेवाइकांनी जरूर पाहावा. किमान १५ गाठी तपासलेल्या असाव्यात, असा संकेत आहे. सहाच गाठी तपासून आलेल्या शून्यावर फार विसंबता येत नाही.

मग सगळ्याच गाठी खरवडून काढल्या तर? जपानी शल्यविशारदांनी छाती आणि पोटाबरोबर मानेतल्या गाठीही काढण्याची पद्धत रुजवली. पण शांघायमध्ये ४०० रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक चाचणीत मानेतल्या गाठी काढल्यामुळे आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. खरा फरक पडला तो शस्त्रक्रियेच्या आधीच्या उपचारांनी. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ३६८ रुग्ण होते. निम्म्यांना थेट शस्त्रक्रिया, निम्म्यांना आधी पाच आठवडे किमोथेरपी आणि रेडिएशन. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांच्या गाठी बाधित निघाल्या. आधी उपचार घेतलेल्यांत हेच प्रमाण ३१ टक्के. मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेलं. आपल्याकडे या रोगाचा जो प्रकार जास्त दिसतो, तंबाखू, बिडी आणि दारूशी जोडलेला स्क्वॅमस, त्यात तर फायदा आणखी मोठा होता. त्यामुळे ‘आधी किमो का, लगेच ऑपरेशन का नाही?’ म्हणून घाबरून अर्ध्यात उपचार सोडू नयेत. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात हा प्रश्न गावाकडून आलेल्या कितीतरी घरांना पडतो.

पण मला खरी चिंता वाटते ती परळला पोचण्याआधीच्या महिन्यांची. सुरुवात तांदळाच्या भाकरीपासून होते. घास छातीत अडकतो, वर पाण्याचा घोट घ्यावा लागतो. सून भाकरी दुधात कुस्करून देते. मग भाकरी सुटते, मऊ भात येतो, मग पेज. घरच्यांना वाटतं, वय झालं. दुकानातून गॅसची गोळी येते. नलिका लवचीक असल्यामुळे ती बरीच चोंदेपर्यंत घास अडत नाही, म्हणजे पहिला घास अडतो तेव्हाच उशीर होऊ लागलेला असतो. त्यावर पेजेचे तीन महिने गेले, की गाठींचा हिशेब बदललेला असू शकतो. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुटला नाही, तर तेही गंभीर घ्यावं. स्वरयंत्राकडे जाणारी नस छातीतूनच वळसा घेऊन वर येते आणि तिच्या काठाने याच गाठींची रांग असते.

मशेरी लावणाऱ्या बायांकडे तर कुणाचं लक्षच नसतं. ‘मी कुठे तंबाखू खाते?’ असं त्या मनापासून म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच.

घास अडतोय म्हटल्यावर दुर्बिणीने तपासणी आणि तुकडा काढून परीक्षा, याला दुसरा पर्याय नाही. टोकावडे किंवा डोळखांबच्या माणसाला त्यासाठी एसटी, मग लोकल, बुडालेली मजुरी आणि सोबतीला एक माणूस, एवढं जुळवावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहायची सोय होते. पण हे सगळं निदान झाल्यानंतरचं. निदानापर्यंतची वाट ज्याची त्याने काढायची.

ती वाट आखूड करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवलंय. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते नोंदी घेण्यासाठी गावोगाव फिरत आणि फिरताना लक्षणंही समजावून सांगत. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. आज आशाताई घरोघर जातात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी सरकारी तपासणी मोहीमही आहे. त्याच भेटीत ‘भाकरी गिळताना अडकते का?’ एवढा एक प्रश्न वाढवावा, आणि ‘हो’ म्हणणाऱ्याला दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीची तारीख मिळवून द्यावी. मुरबाड आणि शहापूर हे दोन तालुके त्याची सुरुवात करू शकतात.