आतड्याचा आजार आणि मूतखडा

मूतखडा आपल्या निमाडाला परका नाही. मे महिन्यात मनावरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, शेतात राबणारा माणूस घामाने निथळतो आणि लघवी घट्ट होते. सुश्रुताने अश्मरी बहुधा बालकांत आढळते असे नोंदवून ठेवले आहे. ती अश्मरी मूत्राशयातील होती. आज मला लिहावयाचे आहे ते मात्र अशा खड्याविषयी, ज्याचे मूळ मूत्रपिंडात नसून आतड्यात असते.

क्रोन्स आजार व अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख प्रकार. डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील विकाराचे वर्णन १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाशी त्याचे इतके साम्य असते की निदानास विलंब होतो. मुलांत तर पुष्कळदा वाढ खुंटणे हेच पहिले लक्षण ठरते.

खडा होतो तो असा. एरवी अन्नातील ऑक्झलेटला कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवते आणि ते मलावाटे निघून जाते. लहान आतड्याचा शेवटचा भाग रोगग्रस्त असला वा शस्त्रक्रियेने काढला असला, की स्निग्ध पदार्थ नीट पचत नाहीत. कॅल्शियम त्यांच्याशीच जखडले जाते. मोकळे राहिलेले ऑक्झलेट मोठ्या आतड्यातून रक्तात व तेथून लघवीत उतरते. जुलाबांमुळे पाणी आणि सायट्रेट आधीच घटलेले असते. मोठे आतडे काढून पोटावर मलमार्ग केलेल्या रुग्णांत पाणी, मीठ व बायकार्बोनेट वाहून जाते, लघवी आम्ल होते आणि युरिक आम्लाचे खडे बनतात.

‘डॉक्टर, खडा आहे म्हणजे मुलाचे दूध बंद करू ना?’ हा प्रश्न मला पालक हमखास विचारतात. उत्तर ठाम ‘नाही’ असे आहे. कॅल्शियम तोडले तर ऑक्झलेट अधिकच शोषले जाते आणि वाढत्या मुलाची हाडेही कमकुवत होतात. दूध सोसत नसेल तर दही-ताक द्यावे, किंवा वैद्यकीय सल्ल्याने कॅल्शियम सायट्रेट जेवणाबरोबर द्यावे, उपाशीपोटी नव्हे. आवर घालायचा तो पालक, अळू, बीट, शेंगदाणे, तीळ व काजू यांना. आपल्या उपवासाच्या ताटात राजगिरा आणि दाण्याचे कूट एकत्र येतात, हेही ध्यानात ठेवावे. तेल-तूप बेताचे असावे. मात्र कृश मुलाचा आहार परस्पर कमी करू नये. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण त्याचे शरीरात ऑक्झलेट बनते.

प्रौढाची दिवसाची लघवी अडीच लिटर व्हावी इतके पाणी हवे. जुलाब पुष्कळ असतील तर नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचे जलसंजीवनी द्रावण उपयुक्त. पोटॅशियम सायट्रेटने युरिक आम्लाचे खडे विरघळू शकतात. मात्र ते देण्यापूर्वी मूत्रपिंडाचे कार्य तपासावे.

कळ येताच डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन देण्याची आपली सवय या रुग्णांत आवरावी. त्याने आतड्याचा दाह उफाळू शकतो आणि शुष्क झालेल्या मूत्रपिंडास इजा पोहोचते. खड्याने मार्ग अडला असून थंडी-तापही असेल, तर एक दिवसही न दवडता लघवीला वाट करून द्यावी लागते. अशा रुग्णाला गोळ्या देऊन घरी न पाठवता तातडीने इंदूरला धाडावे.

आघातलहरींनी खडा फोडण्याचा उपचार १९८० मध्ये म्युनिक येथे सुरू झाला. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियाही आता सुलभ आहेत. परंतु खडा काढला म्हणजे कारण गेले असे नव्हे. आतड्याचा दाह आटोक्यात आला नाही तर खडे पुन्हा होतात आणि ऑक्झलेट साचून मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते.

म्हणून व्यवसायबंधूंना माझी नम्र विनंती आहे. वारंवार खडे होणाऱ्या रुग्णाला शौचाविषयी आवर्जून विचारावे. आतड्याच्या रुग्णाला लघवीविषयी. पालकांनीही जुना जुलाब, घटते वजन आणि खुंटलेली उंची यांना ‘अंगकाठीच तशी’ म्हणून सोडून देऊ नये. वेळीच विचारलेल्या या दोन प्रश्नांनी एखाद्या मुलाचे मूत्रपिंड वाचू शकते.