झी टीव्ही : मालकी आणि सूत्रे
खासगी वाहिन्यांची जडणघडण : लेखांक ५

झी टीव्ही ही उपग्रहावरून प्रसारित होणारी देशातील पहिली खासगी हिंदी वाहिनी २ ऑक्टोबर १९९२ रोजी सुरू झाली. तिचे संस्थापक सुभाष चंद्र यांचा एस्सेल समूह तोवर पॅकेजिंगसाठी आणि गोराईच्या एस्सेल वर्ल्डसाठी ओळखला जाई. त्या काळी देशाच्या भूमीवरून दूरचित्रवाणी प्रसारणाचा अधिकार फक्त सरकारकडे होता. त्यामुळे प्रसारणाची जबाबदारी हाँगकाँगमधील एशिया टुडे लिमिटेडकडे देण्यात आली. भारतातील झी टेलिफिल्म्स कार्यक्रम पुरवी, ते एशियासॅट-१ उपग्रहावरून प्रसारित होत आणि गल्लोगल्लीचे केबलवाले डिश लावून ते घरोघरी पोहोचवीत.

उपग्रहावरील जागा स्टार टीव्हीकडून भाड्याने घेतलेली होती. रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने १९९३ मध्ये स्टारचा ताबा मिळवला आणि पाठोपाठ एशिया टुडेचाही जवळपास अर्धा हिस्सा घेतला. झीचा जागामालक आता तिचा भागीदारही झाला. स्टारला हिंदीत मोकळेपणाने उतरायचे होते, तर हिंदी प्रेक्षक हाच झीचा आधार होता. या संघर्षाचा शेवट १९९९ मध्ये झाला : झीने स्टारचा हिस्सा विकत घेतला. पुढच्याच वर्षी ‘कौन बनेगा करोडपती’च्या जोरावर स्टार प्लसने झीला मागे टाकले.

दरम्यान, प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. झीने प्रादेशिक भाषांकडेही मोर्चा वळवला. १५ ऑगस्ट १९९९ रोजी सुरू झालेली अल्फा मराठी पुढे झी मराठी झाली. २००६-०७ मध्ये वृत्तवाहिन्या, केबल आणि डीटीएच हे व्यवसाय वेगळे काढण्यात आले. मनोरंजन वाहिन्या झी एंटरटेनमेंट एंटरप्रायझेसकडे राहिल्या.

मालकीला खरा हादरा बसला तो वाहिनीबाहेरच्या कर्जांमुळे. पायाभूत सुविधांच्या व्यवसायात एस्सेल समूह कर्जबाजारी झाला होता आणि प्रवर्तकांचे झीमधील शेअर तारण होते. २०१९ मध्ये ते विकावे लागले. प्रवर्तकांचा सुमारे ४० टक्क्यांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आला आणि सुभाष चंद्र यांनी अध्यक्षपद सोडले. व्यवस्थापन मात्र त्यांचे पुत्र पुनीत गोयंका यांच्याकडेच राहिले.

मोठा भागधारक असलेल्या इन्व्हेस्कोने २०२१ मध्ये गोयंकांना हटवण्याची मागणी केली. त्याच वर्षी सोनीशी विलीनीकरण ठरले. त्यात बहुमताचा हिस्सा सोनीकडे जाणार होता. पण नव्या कंपनीचे नेतृत्व कोणी करायचे यावर मतभेद वाढले आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भागधारकांनी गोयंकांची संचालकपदी फेरनियुक्ती नाकारली, तरी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून ते कायम राहिले. वाटा सुमारे १८ टक्क्यांपर्यंत नेण्याचा प्रवर्तकांचा प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये फेटाळला गेला. साध्या बहुमताहून अधिक मते मिळूनही विशेष ठरावाला लागणारी ७५ टक्के मते त्याला मिळाली नाहीत.

उरलेले शेअर देशी-विदेशी वित्तसंस्था, म्युच्युअल फंड आणि असंख्य लहान गुंतवणूकदारांत विखुरलेले असल्याने अल्प वाट्यावरही सूत्रे हाती राहू शकतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला भागधारणेचा तपशील दर तिमाहीला जाहीर करावा लागतो. वाहिनी कोणाची, हे ठरवताना त्या आकड्यांइतकेच संचालक मंडळाकडेही लक्ष द्यावे लागते.